पदवीनंतरचं पहिलं वर्ष



निकाल लागले, पेढे वाटून झाले, स्टुडिओत काळा गाऊन घालून फोटोही काढून झाले. आता घराघरात दुसरा अंक सुरू झाला आहे. गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे एकच निरोप आला, "आंटी, पोरगं ग्रॅज्युएट झालं बघा, कुठंतरी चिकटवा की." मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या पर्सोनेल खात्यात २९ वर्षं काढली, म्हणून लोकांना वाटतं की माझ्याकडे एखादी किल्ली असेल. किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती. माझ्याकडे होतं एक टेबल. त्या टेबलावर अर्ज येऊन पडत, आणि साहेबांकडे जाण्याआधी त्यांची चाळणी मी करत असे. ती चाळणी कशी होते, एवढं मात्र मी नक्की सांगू शकते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांना त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

स्टोअर किपरची एक जागा निघाली तरी शे-दीडशे अर्ज येत. बहुतेक मुलांची समजूत अशी असते की आत बसलेला माणूस आधी मार्क बघतो. मी आधी पत्ता बघायचे. पहिली पाळी सकाळी सातला लागत असे, आणि पहिली बस चुकली तर माणूस साडेआठला येणार हे मला ठाऊक असायचं. त्यानंतर मी बघायचे पास झाल्याचं साल आणि त्या सालापासून आजपर्यंतचा काळ. मार्क तिसऱ्या नंबरावर. साहेबांचा प्रश्न प्रत्येक वेळी एकच असे, "टिकेल का हा?" नवा माणूस घेतला, त्याला चार महिने शिकवलं आणि तो निघून गेला, तर शिकवणाऱ्याचा वेळ बुडतो आणि जागा पुन्हा रिकामी. म्हणून तो प्रश्न असतो. त्यात तुमच्याशी वैर काही नसतं.

एकदा दोन अर्ज शेजारी शेजारी आले. एका मुलाला बी.कॉम.ला ७१ टक्के, पास होऊन दोन वर्षं झालेली, आणि त्या दोन वर्षांपुढे एकच ओळ, "स्पर्धा परीक्षेची तयारी." दुसऱ्याला ५४ टक्के. त्याने लिहिलं होतं, "मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात दीड वर्ष. रोजचा स्टॉक, जीएसटीची बिलं, उधारीची वही." आम्ही बोलावलं ते दुसऱ्याला. पहिला मुलगा कदाचित जास्त हुशार असेल, पण त्या दोन वर्षांत तो सकाळी उठून कुठे जात होता हे कागदावरून कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्याचं कळत होतं.

एवढं लांबून सांगण्याचं कारण असं, की आपल्याकडची मुलं पदवीनंतरचं पहिलं वर्ष वाट बघण्यात घालवतात. बँकेच्या परीक्षेची वाट, पुण्याहून मित्राच्या फोनची वाट, आखातातल्या काकांच्या व्हिसाची वाट. त्या वाट बघण्याचा अर्जात उल्लेखही करता येत नाही. दुसऱ्या वर्षी तेच पोरगं मुलाखतीला येतं आणि "मग काय करत होतास?" या साध्या प्रश्नाला खाली मान घालतं. मी अशा खाली घातलेल्या माना फार बघितल्या.

परीक्षा देऊ नका असं माझं म्हणणं नाही. जरूर द्या. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला साधारण २० ते २८ ही वयाची अट असते, म्हणजे हातात काही वर्षं असतात. पण फॉर्म, पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, निकाल, नेमणूक या सगळ्यात एक फेरी बरेच महिने खाते, आणि त्यातले अभ्यासाचे तास मोजले तर सकाळचे तीन आणि रात्रीचे दोन पुरतात. मधला दिवस मोकळाच असतो. तो कामाला लावा. शिवाय किती फेऱ्या द्यायच्या हे घरी बसून आधीच ठरवा, आणि आईवडिलांसमोर ठरवा. दोन म्हणा, तीन म्हणा. आकडा ठरला नाही तर "यंदा थोडक्यात गेलं" हे वाक्य पाच वर्षं चालू राहतं.

मधल्या दिवसाला काम कुठलं, हा पुढचा प्रश्न. इथे एक गोष्ट आहे जी दहापैकी आठ पदवीधरांना माहीत नसते, आणि त्यांच्या कॉलेजनेही सांगितलेली नसते. अप्रेंटिसशिप म्हटलं की लोकांना आयटीआय आठवतं. पण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही अप्रेंटिस म्हणून घेता येतं. ज्या आस्थापनात ३० किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे २०० माणसांच्या कारखान्यात निदान ५. त्यात कंत्राटी माणसंसुद्धा मोजली जातात. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात ३० माणसांवरची युनिट किती आहेत, तुम्हीच एकदा सायकल मारून मोजा. हत्तरगीचा विमानांच्या सुट्या भागांचा एसईझेड वेगळाच.

केंद्र सरकारच्या या योजनेचं नाव 'नॅट्स'. पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी एक वर्षाची. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये स्टायपेंड ठरवला गेला, आणि त्या नियमांप्रमाणे या किमान रकमेतले निम्मे म्हणजे ४,५०० सरकारने उचलायचे होते. कर्नाटकाचा कारभार चेन्नईच्या मंडळाकडे आहे, पण तिकडे जावं लागत नाही, नोंदणी पोर्टलवर फुकट होते. वर्ष संपलं की सरकारी प्रमाणपत्र मिळतं.

"नऊ हजारात काय होतंय?" असं पालक लगेच म्हणतात. काही होत नाही, खरं आहे. पण त्या वर्षात पोराला गेट पास म्हणजे काय, चलन म्हणजे काय, डिस्पॅच का अडतो, ऑडिटर आला की सगळे का पळतात हे कळतं. आमच्याकडे अप्रेंटिस म्हणून आलेल्या मुलांतून आम्ही पुढे कायम माणसं घेतली, कारण ती टिकणार की नाही हे डोळ्यांनी बघितलेलं असायचं. आणि आमच्याकडे जागा नसली, तरी शेजारच्या युनिटचा मॅनेजर फोन करून विचारायचा, "तुमचा तो पोरगा सुटतोय काय?" जाहिरात न येता भरलेल्या किती जागा मी अशा बघितल्या, त्याचा हिशेब नाही.

तेव्हा कारखान्याच्या दारात जाऊन "व्हेकन्सी आहे का" विचारू नका. त्याला वॉचमनकडे तयार उत्तर असतं. "ग्रॅज्युएट अप्रेंटिस घेता का, आणि त्यासाठी कुणाला भेटू" असं विचारा. त्या प्रश्नाला वॉचमनला आत फोन लावावा लागतो.

आता नाजूक विषय. भाषा.

आपल्या भागात हा विषय काढला की आवाज चढतात, आणि का चढतात हे मलाही कळतं. माझं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेत झालं. सीमाप्रश्नावर ज्याचं जे मत असेल ते असो. मी फक्त टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते. बेळगावात दुकानावर, कारखान्यात, दवाखान्याच्या काउंटरवर बसवायला ज्याला कन्नड बोलता येतं तो माणूस आधी घेतला जातो. त्याचा राजकारणाशी संबंध नाही. बैलहोंगलहून, गोकाकहून आलेला माल उतरवणारा ड्रायव्हर कन्नडच बोलतो, एवढंच त्याचं कारण. मराठी माध्यमातल्या मुलाने शाळेत कन्नड हा विषय शिकलेला असतो, पाटी वाचता येते, पण बोलायला तोंड उघडत नाही. त्याला सहा महिने पुरतात. क्लासची गरज नाही. बाजारात, बसमध्ये, कामावर रोज चार वाक्यं चुकीची बोला. लोक हसतात, मग सुधारून देतात.

सरकारी नोकरीत तर हे कागदावरच आहे. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नडचा पेपर येतो. सरकारी बँकांच्या क्लार्कच्या भरतीत उमेदवाराला एका वेळी एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्या राज्याची भाषा वाचता, लिहिता, बोलता यावी लागते. स्टेट बँकेच्या नियमाप्रमाणे दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा शिकल्याची नोंद असेल तर वेगळी चाचणी होत नाही. नोंद नसेल तर निवड झाल्यावर, रुजू होण्याआधी चाचणी होते. तिच्यात नापास झालं की परीक्षेत मिळवलेलं सगळं पाण्यात.

इथे आपल्या समाजातल्या मुलांची एक वेगळीच गंमत होते, म्हणून मुद्दाम लिहिते. कितीतरी घरांत बोलणं मराठीत किंवा कोकणीत, शाळा कॉन्व्हेंटची इंग्रजी, आणि गुणपत्रिकेवर कन्नड नाहीतर हिंदी. अशा मुलीला वाटतं, मला मराठी येतंच की, मी महाराष्ट्रातून फॉर्म भरते, तिकडे जागा जास्त. बोलायला येतं, हे खरं. पण मराठी छापील उतारा समोर ठेवला की ती अडखळते, आणि चार ओळी लिहायला सांगितल्या तर इकार-उकार सोडाच, अक्षरंच आठवत नाहीत. गुणपत्रिकेवर मराठी नाही म्हणजे चाचणी तिला द्यावीच लागणार. माझ्या माहितीतली एक मुलगी लेखी परीक्षा सुटूनही इथेच अडकली. घरी रोज मराठी बोलणारी मुलगी मराठीच्या चाचणीत मागे पडली, हे तिच्या आजीला आजतागायत पटलेलं नाही. तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या मुलांनो, हेच दैनिक रोज अर्धा तास मोठ्याने वाचा आणि एक परिच्छेद हाताने उतरवून काढा. फुकटचा क्लास आहे.

महाराष्ट्राचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. महाराष्ट्र शासनाच्या भरतीच्या जाहिरातीत, अगदी तळाच्या बारीक अक्षरांत, एक कलम असतं. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतले मराठी भाषिक उमेदवार, बाकीच्या अटी पूर्ण करत असतील तर, अर्ज करू शकतात. त्यासाठी तिथे १५ वर्षांचं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. हा दाखला जाहिरात आल्यावर धावपळ करून मिळत नाही. ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांनी आत्ताच विचारपूस सुरू करावी. आणि लक्षात घ्या, या कलमात धर्माचा कुठेही प्रश्न नाही. मराठी भाषिक ख्रिस्ती मुलगाही त्यात तेवढाच बसतो. "ते आपल्यासाठी नसतंय" असं मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणून हे सांगितलं.

दाखल्यांवरून आठवलं ते नावांचं. याबाबतीत आपल्याएवढा गोंधळ दुसऱ्या कुठल्याही समाजात नसेल. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये तीन नावं, शाळेत त्यातलं एक, आधारवर दोन, आणि घरी हाक मारायचं चौथंच. डिसोझांचं तर विचारू नका. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या अक्षरानंतर वर एक छोटी खूण असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर ती आहे, आधारवर ती गाळून एक शब्द केला आहे, पॅनवर तिच्या जागी मोकळी जागा सोडून दोन शब्द झाले आहेत, आणि बऱ्याच ऑनलाइन फॉर्मना ती खूण चालतच नाही. मराठी आडनावांची घरंही सुटलेली नाहीत. वडिलांचं नाव एका कागदावर येशुदास आणि दुसऱ्यावर यशुदास. कागद तपासणारा कारकून तुमचा शत्रू नसतो, पण दोन कागदांवर दोन नावं दिसली की त्याला फाइल बाजूला ठेवावीच लागते. मीही ठेवल्या आहेत. नियमच तसा होता.

यावर सरळ उपाय असा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव, जसं स्पेलिंग, ते प्रमाण माना. बाकीचे सगळे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला जाऊ नका, बोर्डाकडून दुरुस्ती म्हणजे चपला झिजवणं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा तिथे जाताना दहावीचं प्रमाणपत्र समोर धरून अक्षर न् अक्षर तपासा. खूण आहे की नाही, मोकळी जागा आहे की नाही, तेही बघा. हे काम रिकाम्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात उरकून टाकायचं.

जातीच्या दाखल्याबद्दलही बरीच घरं अंधारात आहेत. कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत ख्रिस्ती समाज ३-बी प्रवर्गात आहे, आपले मराठा शेजारीही त्याच ३-बी मध्ये. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद प्रवर्ग १ मध्ये आहे. उत्पन्नाची अट वगैरे नाडकचेरीत जाऊन विचारा. केंद्राच्या नोकऱ्यांची यादी निराळी असते, तिथे हा दाखला तसाच चालत नाही. दाखला काढण्यात कमीपणा मानणारे आपल्यात आहेत. मला तो मान कळत नाही, पण तो वाद आज नको.

बायोडेटाबद्दल फार लिहीत नाही, एकच पान पुरे. धर्म, उंची, भावंडं किती, वडिलांचा हुद्दा, हे लग्नाच्या बायोडेटात शोभतं, नोकरीच्या नाही. छंद म्हणून "वाचन, संगीत ऐकणे, प्रवास" लिहिलेले हजारो कागद माझ्या हातून गेले आणि त्यातलं एकही वाचन मला आठवत नाही. पण आपली मुलं एक गोष्ट हमखास गाळतात. चार वर्षं संडे स्कूलमध्ये पंचवीस पोरांना सांभाळलेलं असतं. युवक मंडळाचा जमाखर्च ठेवलेला असतो. नाताळच्या कार्यक्रमाची साउंड सिस्टिम भाड्याने आणून, लावून, परत केलेली असते. फेटला ३०० माणसांच्या जेवणाची कुपनं विकून शेवटच्या रुपयापर्यंत हिशेब दिलेला असतो. हे काम नाही तर काय आहे? "चर्चचं आहे हो ते" म्हणून लाजतात. लाजू नका, पण प्रवचनाच्या भाषेत लिहू नका. "सेवा केली" या दोन शब्दांतून मॅनेजरला काही कळत नाही. "३०० कुपनांची विक्री आणि हिशेब, दोन वर्षं" असं लिहिलं तर कळतं. गणेशोत्सव मंडळात राबणाऱ्या आपल्या शेजारच्या मुलांनाही हेच लागू आहे.

पाळकसाहेबांची किंवा फादरांची चिठ्ठी आणावी का, असंही विचारतात. मिशनचा दवाखाना, कॉन्व्हेंट शाळा, अशा ठिकाणी तिचा उपयोग होतो, कारण तिथे ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला ओळखतात. फाउंड्रीत तिला काही अर्थ नाही. आणि आपल्या संस्था आहेत म्हणजे आपल्या मुलाला तिथे जागा ठेवलेलीच असते, या आशेवर वर्ष काढू नका. शाळेत शिकवायला बी.एड. लागतं, आणि आडनाव बघून ते माफ होत नाही.

मुलाखतीत मराठी, हिंदी, कन्नड, इंग्रजी अशी चार भाषांची मिसळ असते. इंग्रजीतून स्वतःबद्दल सांगा म्हटलं की पोरं पाठ केलेलं घडाघडा बोलतात, आणि मध्ये थांबवलं तर गाडी रुळावरून उतरते. त्याऐवजी आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलं, ते रोज पाच मिनिटं इंग्रजीत मोठ्याने सांगायची सवय लावा. आरशाची गरज नाही, धाकट्या बहिणीला सांगा, ती चुका काढेल. आणि "कामावर येणार कसा?" या प्रश्नाचं उत्तर बसच्या वेळेसकट तयार ठेवा. मी सांगितलंच, टेबलामागचा माणूस तेच शोधत असतो.

पगाराचा आकडा ऐकताना कान उघडे ठेवा. "वर्षाला २ लाख ४० हजार" म्हटलं की घरात २० हजार महिना असा हिशेब होतो. पण कंपनीचा खर्च म्हणून सांगितलेल्या आकड्यात पीएफचे दोन्ही हिस्से धरलेले असू शकतात. मूळ पगार १२,००० असेल तर १२ टक्क्यांनी कंपनीचे १,४४० आणि तुमचे १,४४० गेले, हातात १७,१२० उरले, त्यातूनही ईएसआयचे थोडे कापले जातील. यात फसवणूक नाही, पीएफ तुमचाच आहे. खरी फसवणूक वेगळी असते. पीएफ कापतात आणि भरत नाहीत. तेव्हा यूएएन नंबर मिळाला की दोन महिन्यांनी पासबुक मोबाइलवर उघडून बघा. विचारायला संकोच वाटतो, पण बघायला कुणाला विचारावं लागत नाही.

मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका. "जॉइन होताना ओरिजनल जमा करा, सोडताना परत" असं सांगणारी ठिकाणं आहेत. दाखवायला न्या, झेरॉक्स द्या, ओरिजनल पिशवीत घालून घरी आणा.

आणि पैसे. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत, मेडिकल, कुठल्याही नावाखाली मागितले तरी. आपल्याच गल्लीतल्या एका घराने बेंगळुरूच्या एका एजन्सीला ४० हजार भरले, सोनं गहाण ठेवून. ऑफर लेटर आलं, शिक्का आला, कंपनीच्या पत्त्यावर गेल्यावर मात्र तिथे त्या नावाची कंपनीच नव्हती. तो मुलगा सहा महिने कुणाशी बोलला नाही. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका, १९३० या नंबरवर तक्रार करा, आणि जितक्या लवकर कराल तितकं चांगलं, कारण पैसा खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता येतो.

आखातात जाणाऱ्यांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, गोव्यातल्या नातेवाइकांमुळे आणखीच. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे सरकारी परवाना लागतो, तो ई-मायग्रेटच्या साइटवर तपासता येतो, आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. लाख-दीड लाख मागणारा तिथेच उघडा पडतो. व्हिजिट व्हिसावर जा, पुढे बघू, असं म्हणणाऱ्याच्या घरचं पाणीही पिऊ नका. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेऊन म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर जुंपल्याचे प्रकार घडले आहेत, २०२२ पासून केंद्र सरकार त्याबद्दल इशारे देत आहे. तिथे अडकले ते कॉम्प्युटर शिकलेले, इंग्रजी येणारे तरुण होते.

कर्नाटकातल्या पदवीधरांसाठी युवा निधी आहे, पास होऊन सहा महिने काम मिळालं नसेल तर महिन्याला ३,००० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. हक्काचे आहेत, घ्या. कन्नड पुस्तकं, फॉर्मची फी, बसचा पास यांत जातील. फक्त ते मिळतात म्हणून घरी बसायचं कारण सापडलं असं होऊ देऊ नका.

मुलींच्या बाबतीत एक दिसतं ते लिहिते. मुलाला पुण्याला पाठवताना घर दोन दिवसांत तयार होतं, मुलीला मच्छेला पाठवायचं तर आठवडाभर चर्चा. शिफ्ट काय, बस कुठली, बायका किती आहेत. हे प्रश्न विचारायलाच हवेत, पण ते मुलीला न विचारता कंपनीला विचारा. मुलाखतीनंतर फोन करून "लेडीज स्टाफ किती, सुटायची वेळ काय, बस आहे का" विचारणाऱ्या आईचा मला कधी राग आला नाही. उलट ती मुलगी टिकणार असं वाटायचं.

शेवटी मोठ्यांसाठी. रविवारी उपासना सुटली की दारातच आपण पोरांना गाठतो, "काय, लागलास का कुठं?" आपण मायेने विचारतो, पण एकाच सकाळी नऊ जणांनी विचारलेलं असतं. आमच्या मंडळीतली तीन मुलं या एका प्रश्नापायी मागच्या दाराने निघून जातात, आणि एक तर येईनासाच झाला आहे. त्याऐवजी "तुझ्या बायोडेटाची एक प्रत दे" म्हणा. तुमचा भाऊ फाउंड्रीत फोरमन असेल, जाऊबाई दवाखान्याच्या बिलिंगला असेल, घरमालकाचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस असेल. प्रत त्यांच्या टेबलावर ठेवा, आणि आठवड्याने मुलाला सांगा की ठेवली. पुढचं तो बघेल.